वारा पडला तेव्हा

नातवानं गोव्यातल्या शिडाच्या जहाजावरची सहल ठरवली आणि फोनवर फोटो दाखवला. ती पांढरी शिडं बघितली आणि हुसेनसागरावरच्या ओल्या कॅनव्हासचा वास थेट नाकात शिरला.

मी लहान होते, हैदराबाद राज्याची नुकतीच वाटणी झाली होती. काकांनी औरंगाबादला बदली मागून घेतली, बाबा हैदराबादेत, बरकतपुऱ्यातच अडून बसले. निरोप म्हणून काकांच्या कचेरीतल्या साहेबांनी दोन्ही कुटुंबांना आपल्या शिडाच्या होडीतून फिरायला पाठवलं. मखमली गाद्या होत्या, बर्फातलं सरबत होतं, फिरनी होती.

तळ्याच्या मधोमध वारा पडला. "अब बैठे रहो साब," होडीवाला म्हणाला.

"दादा, इथं उपरे म्हणून मराल," काका म्हणाले.

"तिथं तुला निजामाचा म्हणून हिणवतील," बाबा म्हणाले.

"घ्या जाऊबाई, तोंड गोड करा," म्हणत काकूनं फिरनीची वाटी पुढे केली. आईनं ती घेतली आणि काकूच्या डोळ्यांदेखत तळ्यात उपडी केली. तेव्हा मला फिरनीचं वाईट वाटलं होतं. आता वाटतं, वाटीसुद्धा भिरकावायला हवी होती.

"आजी, औरंगाबादचे पण येतायत," नातू म्हणाला. या पोरांचं आपसात छान जमतं.

"मग आधी विचार, जहाजाला इंजिन आहे का. वारा पडला तर त्यांची तोंडं बघत बसायची नाहीत मला."