अलीभाईंचा कान

अलीभाई सोलकर माझे शेजारी. सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑफिसर. संकटातल्या जहाजांची हाक ऐकायची आणि कप्तानाला सांगायची, हे त्यांचं काम. १९९९ साली ते काम जगभर यंत्राकडे गेलं आणि पन्नाशीच्या आतच अलीभाई जयगडला घरी येऊन बसले.

चार वर्षांनी बाहेरच्या एका संस्थेनं सड्यावर, गावामागच्या कातळपठारावर, तीन मोठ्या तबकड्या उभारल्या. परक्या ताऱ्यांजवळ कोणी असलंच, तर त्यांचे रेडिओ संदेश टिपायला. सगळं आपोआप: तबकड्या आपल्या आपण फिरायच्या, कॉम्प्युटर आपला आपण तपासायचा. माणूस हवा होता तो फक्त राखणीला. ती नोकरी अलीभाईंनी धरली. गाव हसलं. हसणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू?

पण यंत्र पडलं शहाणं. दर आठवड्याला त्याला परग्रहवासी सापडायचे आणि वरद नावाचा इंजिनियर पुण्याहून धावत यायचा. अलीभाई हेडफोन लावत आणि शांतपणे सांगत, "हा ट्रॉलरचा रडार, साहेब. अडीच सेकंदांनी परत येतो बघा." एकदाही चुकले नाहीत. वरदनं त्यांना ऑपरेटरच्या जागेचा शब्द दिला. त्या जागेच्या आशेनं अलीभाईंनी आठ दिवस बसून प्रत्येक आवाजाची खूण त्याला उलगडून सांगितली. वरदनं ती कॉम्प्युटरमध्ये भरली. इकडे त्यांच्या बायकोनं, रहिमाभाभींनी, मोहल्ल्यात खजूरसुद्धा वाटले.

महिन्याभरात पत्र आलं. आता यंत्र स्वतःच आवाज ओळखतं, राखणीला कॅमेरा बसवला आहे, सबब आपली गरज नाही.

"सगळा शिकून घेतलानी, नि मला घालवलानी," अलीभाई म्हणाले. अंगाचा तिळपापड झाला तो माझ्या. त्यांचा आवाजही चढला नाही.

दोन वर्षांनी वरदचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्याकडे चहा पीत होतो. यंत्राला ओळखता न येणारा एक आवाज तीन दिवस येत होता आणि संस्थेत आनंदाला उधाण आलं होतं. वरदनं तो फोनवरच ऐकवला. अलीभाईंनी डोळे मिटून ऐकला.

"नाय ओळखत, साहेब. कान गेले आता." त्यांनी फोन ठेवला.

"खरं काय होतं?" मी विचारलं.

"गंज. तबकडीचे बोल्ट खाऱ्या वाऱ्यानं गंजलेत. गंजल्या सांध्यात आसपासचेच रेडिओ सिग्नल मिसळतात नि भलताच आवाज निघतो. जहाजावरसुद्धा असाच यायचा."

"बरं केलंत. जिरू दे त्यांची."

त्यांनी कप खाली ठेवला.

"बरा कसला, मास्तर? ऐकला नि गप्प बसलो. आता मी वायरलेसवाला राहिलो नाय."