बाबांची आढी

आमच्याकडे आंब्याच्या आढीला बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नियम. मागच्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर आंबे मांडायचे, वर पुन्हा पेंढा घालायचा आणि दाराला कडी. आई उंबऱ्यात जरी रेंगाळली तरी आतून आवाज यायचा, "हात लागला की आंबा बिघडतो हां." मला या राजेशाहीचा लहानपणापासून राग. आंबाच तो, तिजोरी नव्हे. रागापायी मी काही शिकले नाही.

यंदा मे महिन्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणं गेलं. रत्नागिरीच्या हॉस्पिटलात नाकातून नळी घातली. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांनी गिळता येतंय का ते पाहू. मी बाबांच्या कानाशी म्हटलं, "विहिरीवरच्या हापूसचे आंबे ठेवते तुमच्यासाठी." त्यांनी डाव्या हाताने माझं बोट घट्ट धरलं. मी बोलून तर बसले, आता निभावणं आलं.

झाडावर अकराच उरले होते. देठासकट उतरवून घेतले, चीक सालीवर ओघळू दिला नाही, इतपत अक्कल होती. आढी घातली, कडी लावली आणि हात लावायचा नाही म्हणून पाच दिवस दार उघडलंच नाही. सहाव्या दिवशी उघडलं तर कुबट वास आला. एकाचा देठ काळा पडून पाणी सुटलं होतं आणि शेजारच्या चारांनाही त्याने नासवलं होतं.

आई म्हणाली, "अगो, ते रोज सकाळी आंघोळ करून आत जायचे. एकेक आंबा बघायचे, डागाळलेला बाहेर काढायचे. हात लावायचा नाही तो आपण." चाळीस वर्षं त्या घरात वावरून मला हे माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि कुणावर चिडावं तेही कळेना.

उरलेल्या सहांवर मी शहाणपण चालवलं. तीन कच्चेच फ्रिजमध्ये ठेवले. त्यांची साल राखाडी पडली आणि पिकायचं नाव नाही. दोन सुरकुतायला लागले म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले, तर आत घाम सुटून बुरशी आली. एक पेंढ्यातच राहिला. त्याला मी रोज सकाळी आंघोळ करून बघून यायची. तो पिवळा होत गेला आणि माझी धाकधूक वाढत गेली.

पंधराव्या दिवशी तो घेऊन गेले. डॉक्टरांनी बाबांना चमचाभर पाणी देऊन पाहिलं. जोराचा ठसका लागला. "अजून आठवडाभर तरी तोंडातून काही नाही," ते म्हणाले. आंबा आठवडाभर थांबणारा नव्हता.

मी तो पिशवीतून काढलाही नव्हता, पण वास लपतो थोडाच. बाबांनी हात पुढे करून तो माझ्याकडून घेतला. अंगठ्याने देठापाशी दाबून पाहिलं, नाकाशी नेला. मग माझ्याकडे सरकवून माझ्या तोंडाकडे बोट केलं. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा तेच केलं, या वेळी रागावून. उद्यापर्यंत तो उतरला असता, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मी खाटेशेजारी बसून तो खाल्ला. फार गोड होता. बाबा माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते आणि त्यांच्या गळ्यातली घाटी रिकामीच खालीवर होत होती.