शाबूत नाक

डब्लिनच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात दर रविवारी एक म्हातारे गृहस्थ नेत्सुके मांडून बसतात. नेत्सुके म्हणजे अक्रोडाएवढं लाकडी जपानी कोरीवकाम. किमोनोला खिसे नसत, म्हणून कमरपट्ट्याला बटवा अडकवायला ते वापरत. यांच्याकडे जांभई देणारा हमाल आहे, केस धुणारी बाई आहे. ते गिऱ्हाइकाच्या तळव्यावर बाहुली ठेवतात आणि त्याची बोटं स्वतःच्या हाताने मिटवतात.

मी कुठलीही वस्तू उलटी करून पाहिल्याशिवाय घेत नाही. बाईच्या पाठीला दोन भोकं दिसली.

"हिला कीड लागलीय," मी म्हटलं.

त्यांनी शर्ट वर करून पट्ट्याला अडकवलेल्या किल्ल्या दाखवल्या. किल्ल्यांची दोरी एका लाकडी मासेमार कोळ्याच्या पाठीतल्या अशाच भोकांतून ओवली होती. कोळ्याचा चेहरा पार गुळगुळीत झाला होता.

"तुम्ही हिला कुठे ठेवणार?"

"शोकेसमध्ये."

त्यांनी बाई हळूच परत घेतली. "हिचं नाक बघा, अजून शाबूत आहे. शंभर वर्षं शोकेसमध्येच बसलीय बिचारी."

मी पर्समधून गाडीची किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दोरी ओवून दिली.

त्याला आता तीन वर्षं झाली. परवा पार्किंगमध्ये किल्ली काढताना लक्षात आलं, बाईच्या नाकाचा शेंडा झिजलाय. रविवारी त्यांना दाखवायला नेणार आहे.