कुलपातलं नाव

कारखान्याच्या शेतकी ऑफिसात दोन कॉम्प्युटर आले तोवर मी चिटबॉय म्हणून मुरलो होतो. चिटबॉय म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा, ती चिठ्ठी फडावर नेऊन देणारा. शाळा चौथीपर्यंत. पण कुठल्या कामामागं कुठलं काम, हे माझ्याइतकं ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून पुण्याच्या इंजिनिअरनं कामाचा नकाशा मांडताना मलाच शेजारी बसवलं. नोंद, पाहणी, चिठ्ठी, काटा, असे चौकोन आणि मधे बाण. त्या बाणांच्या वाटेनंच चिठ्ठी छापून यायची. हाताची चिठ्ठी काट्यावर कुणी घेईना.

नकाशा एक, कॉम्प्युटर दोन. एकदा मी आणि क्लार्कबाई एकाच वेळी आत शिरलो, आणि मी घातलेला चौकोन बाईंच्या कामाखाली गडप झाला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. मग इंजिनिअरनं कुलूप बसवलं. एकानं नकाशा धरला की दुसऱ्यानं नुसता बघायचा. सोडायचा तर धरणाऱ्याचा गुप्त शब्द लागायचा. मला हे लगेच पटलं. पाटाच्या पाण्याला आपली बारी असली की दार आपण धरायचं, ते दुसऱ्यानं फोडायचं नाही.

शब्द कुणाला सुचू नये असा हवा. मी बायकोचं नाव घातलं. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. तिच्या मतदानाच्या कार्डावरची इंग्रजी अक्षरं बघून एकेक बटण शोधलं. माझ्या तोंडून ते कुणी ऐकणारच नव्हतं.

त्या हंगामात मी नकाशात जळीत उसाची वाट काढत होतो. जळलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन उतरतं. त्याला रांग नको, सरळ चिठ्ठी हवी. चौकोन अर्धा झाला आणि सासरवाडीचं लग्न आलं, इंदापूरला.

बाई म्हणाल्या, "तात्या, जाताना सोडून जा."

"माझं काम अर्धं हाय. आल्यावर बघू." कुलूप तसंच ठेवून मी एसटी धरली.

मांडवात मन लागेना. फेटा सोडायचो, परत बांधायचो. बाईंनी मागं काही युक्ती केली असली तर? शेवटी समोरच्या एसटीडी बूथवर गेलो. कुलूप शाबूत आहे का, एवढंच विचारायचं होतं.

"बरं झालं फोन केलात," बाई म्हणाल्या. "काटेवाडीचा एक फड सकाळी जळालाय. मालक समोर बसलेत, तोडणीची टोळी बसून आहे. इंजिनिअर परवाशिवाय येत नाही. शब्द सांगा, राहिलेलं मी पुरं करते."

बूथच्या दारात दोन मेव्हणे नंबर लावून उभे. "मी येतो," मी म्हणालो.

"तुम्ही पोचेस्तोवर ऑफिस बंद होईल."

मागनं मालकाचा आवाज आला, "त्यास्नी म्हणावं जेवूनशान सावकाश या. तवर हितं चिपाडं व्हत्याली."

फोन ठेवला. पंगतीला बसलो, पण बुंदी पानात तशीच टाकली. उठून बूथपर्यंत गेलो, माघारी आलो, परत गेलो. त्या माणसाचा ऊस मी लागणीपासून बघितलेला.

बायको बाहेर आली. "अवं, येरझारा का घालताय?"

सगळं सांगितलं.

"मग सांगा की शब्द. एवढं काय हाय त्यात?"

"तुझं नाव हाय."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "तुमी नका घेऊ. मला माझं नाव घ्यायला कुणाची बंदी हाय?" भावांना बाजूला सारून बूथमधे शिरली. मी नंबर फिरवून दिला. तिनं नाव सांगितलं, एकदा, आणि बाईंना ऐकू आलं नाही म्हणून परत मोठ्यानं. मेव्हणे फिदीफिदी हसले. मी आभाळाकडं बघत उभा.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. काटेवाडी आली तशी काळ्या उसानं भरलेली एक बैलगाडी रस्त्याला लागलेली दिसली, मागं दुसरी. तेव्हा कुठं मी पाय पसरले.

"इतक्या वर्सांत तोंडातनं नाव निघालं न्हाय," ती बाहेर बघत म्हणाली, "आन् बोटानं रोज लिवताय व्हय?"

"कामापुरतं."

त्यानंतर खुर्चीतनं उठताना कुलूप सोडत गेलो. शब्द मात्र बदलला नाही. बाईंना ठाऊक झाला होता, तरी नाही.