विहारात वाजलेलं इटलीचं अरण्य

सातशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन कवितेतल्या प्रतीकांवर मी साठ वादकांसाठी एक रचना केली. अंधारं अरण्य, वाट अडवणारी तीन जनावरं आणि शेवटी उजेडाचा गुलाब. पुण्यात ती एकदा वाजली. परिचयपत्रकात मी 'मध्ययुगीन मनाचा अंधार' वगैरे लिहिलं होतं. खरं तर इटली मी नकाशातच पाहिली आहे. ते अरण्य आमच्या गावाकडचं, नेरडीगोंड्याजवळचं सागाचं जंगल आहे, बसच्या खिडकीतून पाहिलेलं. पण तसं छापलं तर कोण विचारतो?

बाबांनी ती ऐकली नव्हती. आई गेली आणि चौथ्याच दिवशी मी तालमीसाठी निघून गेले. डोळ्यांतून टिपूस न काढता. तेव्हापासून त्यांनी माझ्या संगीताचं नावही काढलं नव्हतं. फोनवर हवापाणी आणि बीपीची गोळी, एवढंच. मला ते लागायचं, फार लागायचं. म्हणून या सुट्टीत गावच्या बुद्धविहार समितीच्या अध्यक्षांनी माझं ध्वनिमुद्रण विहारात लावायचं ठरवलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. विहारात बाबा येतातच.

वंदना झाली, शाल झाली, अध्यक्षांचं भाषण माझ्या रचनेपेक्षा लांबलं. जनावरांचा अर्थ मात्र त्यांनी एका दमात लावला. "हे तं आपलेच लोभ, द्वेष अन् मोह हायेत!" पुण्याच्या समीक्षकाला त्यासाठी दोन रकाने लागले होते.

मग स्पीकर सुरू झाला. "गानारा कवा येते?" पुढच्या रांगेतल्या काकूंनी विचारलं. अरण्य सरलं, जनावरं येऊन गेली, आणि गुलाबाच्या आधी मी ठेवलेली शांतता आली. चांगलं अर्धं मिनिट कुणीच काही वाजवत नाही. पुण्यात तेवढ्यात लोकांनी खोकून घेतलं होतं.

आमच्याकडे सभेत शांतता एकाच कारणासाठी पाळतात. आवाज थांबताच अध्यक्ष उठले आणि पाठोपाठ सगळी सभा उठली. माना खाली, हात सरळ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगावं तर शांतता मोडणार, आणि ती तर मीच लिहिलेली.

"कोन वारलं जी, गुरुजी?" काकूंनी बाबांना हळूच विचारलं.

बाबा मान खाली घालून उभे होते. "हिची माय," ते म्हणाले.

ती शांतता मी आईसाठी, त्या तालमीतच घातली होती, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पत्रकात त्या जागी 'दिव्यत्वाच्या उंबरठ्यावरचं मौन' असं होतं.

व्हायोलिनं सुरू झाली तरी कुणी बसेना, कारण गुरुजी बसले नव्हते. गुलाब लोकांनी उभ्यानंच ऐकला. तो संपल्यावर बाबा माझ्याकडे वळले.

"आता काऊन रडून राह्यली? तवा रडाचं होतं न बाई. घरी, माह्याजवळ."