आप्पा मांडवकरांचं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं घालावं तर आप्पा मांडवकरांनीच, असं अख्ख्या गावाचं मत होतं. हातखंबा तिठ्यावर टायरची पंक्चरं काढायचा त्यांचा गाळा. दिवसभर हात काळे. पण देवळात उभे राहिले की आवाज असा लागायचा, की देवसुद्धा सावरून बसत असेल. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोराची मुंबईतली नोकरी गेली, सगळं आप्पा देवाच्या कानावर घालत. मागणं सांगून झालं की 'रं म्हाराजा' म्हणून थांबायचं, आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हा होकार पडल्याशिवाय मागणं पुरं होत नाही, अशी गावची समजूत.

त्यात सगळ्यांच्या अर्धा श्वास आधी, मागच्या खांबापासून एक होकार यायचा. तो सीताचा, आप्पांच्या बायकोचा. बाया तिला चिडवायच्या, घरात नवऱ्याला एवढ्या घाईने हो म्हणतेस का गो? गंमत म्हणजे घरातही ती होच म्हणायची. सबंध संसारात तिने आप्पांना कधी नाही म्हटलेलं कुणाला आठवत नाही.

आणखी एक रूढी होती. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःच्या घरासाठी मागायचं नाही. सीता आजारी पडली तेव्हा आप्पांनी ती पाळली. रत्नागिरीच्या हॉस्पिटलात क्रेडिट कार्ड घासत राहिले, पण देवापुढे तिचं नाव काढलं नाही. दुसऱ्या कुणीतरी दोन वाक्यं पुटपुटली, ती काही पोचली नसावीत. सीता गेली. आपण तोंड उघडलं नाही, हे आप्पांना आतून खात होतं. खाऊ दे, असंच त्यांना वाटायचं.

मागे राहिलं कार्डाचं कर्ज. एक लाख ऐंशी हजार, महिन्याला साडेतीन टक्के व्याज. वर्षभर भरून आकडा जागचा हलला नाही. शेजारचा हॉटेलवाला गुरुप्रसाद गाळा घ्यायला टपलेलाच होता. शनिवारपर्यंत काय ते सांगा म्हणाला. गाळा गेला असता तर साठीला टेकलेल्या माणसाने दुसऱ्याच्या दारात टायर खोलायचे होते.

गुरुवारी मुंबईहून लेकीचा, तेजलचा, फोन आला.

"आप्पा, बँकेला फोन करून व्याज कमी करायला सांगा. मागितलं तर कधीकधी देतात."

"मी मागू? माज्यासाठी?"

"मग काय गावासाठी?"

दुपारी आप्पांनी कॉम्प्रेसर बंद केला, शटर अर्धं खाली ओढलं आणि नंबर लावला. मशीनबाईने हे दाबा, ते दाबा करून त्यांना एका रेकॉर्डच्या सुरावर टांगून ठेवलं. काय बोलायचं ते सुचेना. तेवढ्यात सूर थांबला. पलीकडे कुणी बोललं नाही, पण कुणीतरी ऐकतंय असं वाटलं. तोंडाला मागायची एकच तऱ्हा ठाऊक, तीच बाहेर पडली.

"हे बा म्हाराजा, ह्यो आप्पा मांडवकर आज तुज्या दारात उबा हाय. बायकोच्या दुखन्यात ह्या कर्ज झाला. एक म्हयना चुकवलेला न्हाय. व्याजाचा भार हलका कर, नि त्याचा गाळा त्याच्याकडं ऱ्हाऊ दे, रं म्हाराजा."

सवयीने ते थांबले. रिकाम्या गाळ्यात कुणाच्या होकाराची वाट बघतोय, म्हणून त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"सर, मी ऋतिका," पलीकडून एक मुलगी म्हणाली. "ऐकलं मी सगळं. तुमचा रेकॉर्ड चांगला आहे, बघते काय करता येतं. फक्त तुमच्यासोबतच्या मॅडमना जरा थांबायला सांगा. मला कार्डधारकाशीच बोलावं लागतं."

"कोन मॅडम?"

"मागून 'व्हय म्हाराजा' म्हणाल्या त्या. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच."

आप्पांनी वळून बघितलं. भिंतीला ट्यूब टांगलेल्या होत्या. शटरखालून ऊन आत आलं होतं, आणि त्या उन्हात कुणाची सावली नव्हती. ऋतिकाने व्याज दीड टक्क्यावर आणल्याचं सांगितलं, तेव्हा आप्पांना धड आभारही मानता आले नाहीत.

गाळा वाचला. तीन वर्षांत कर्ज उतरत उतरत हजारावर आलं. आणि तिथे आप्पा अडून बसले. खातं मिटलं की फोन करायला निमित्त काय उरणार? दर महिन्याला हजारावरचं व्याज तेवढं भरायचे आणि फोन करून ते आणखी कमी करा म्हणायचे. बोलणं संपता संपता हळूच विचारायचे, मागून कोण बोलला काय? नाही सर, असंच उत्तर यायचं. बँकेतली पोरं म्हाताऱ्याला वेडा समजत असतील, समजू देत.

मग एकदा त्यांच्या ध्यानात आलं. सीता गाऱ्हाण्याला यायची, गप्पांना नाही.

परवा दुपारी त्यांनी पुन्हा शटर अर्धं ओढलं. फोनवर हर्षद नावाचा मुलगा होता. तो काय हवंय विचारेपर्यंत आप्पांनी सुरुवात केलीसुद्धा. "हे बा म्हाराजा, ह्या खाता कदी मिटू नको दे. आसाच चालू ऱ्हाऊ दे, रं म्हाराजा."

थांबले.

"सर," हर्षद गोंधळून म्हणाला, "तुमच्या मागच्या मॅडम 'नको' म्हणतायत."

"काय म्हनतायत?"

"नको म्हाराजा. दोनदा म्हणाल्या."

आप्पा मागे वळले नाहीत. स्टुलावर बसून पोरासारखे रडले, आणि हर्षद बिचारा हॅलो हॅलो करत राहिला. मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसून त्यांनी किती भरायचे ते विचारलं. एक हजार पंधरा. पैसे तिथल्या तिथे पाठवले.

"आले सर. खातं बंद करतोय. आणखी काही मदत?"

"ती हाय काय अजून?"

हर्षदने जरा वेळ कान दिला. "नाही सर. आता फक्त तुमचाच आवाज येतोय."