आमाची राखण

आमाची पाठ कधी खुर्चीला टेकायची नाही. जेवतानाही काठावर बसायची, कुणी हाक मारली तर उठायचंच आहे अशी. माझ्या मुलाच्या, प्रशांतच्या ऑफिसात ती टीमची मुख्य. आईबाप घानाचे, पण मुलगी इथलीच, जर्मनीत, आमच्या बोब्लिंगेन गावात वाढलेली. शनिवारी आमच्याकडे जेवायला यायची आणि जेवण झालं की थेट भांड्यांशी उभी.

मी चौथी शिकलेला. मराठीशिवाय भाषा नाही, शिकणारही नाही. पण दमलेलं माणूस मला कळतं. एकदा तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि माझ्या खोलीत गोधडी अंथरली.

"पोरी, आडवी हो. आमच्याकडे दुपारी देवसुद्धा डाव्या कुशीवर पडतो."

प्रशांतने ते तिला सांगितलं. ती हसली. "आजोबा, आईनं बजावलंय, काळ्या मुलीनं दमलेलं दिसायचं नाही."

"मग इथं दिस."

पडल्या पडल्या रडली. म्हणाली, सगळे खंबीर खंबीर म्हणतात आणि आणखी ओझं ठेवतात. रात्री झोप नाही, मीटिंगआधी हात कापतात. कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रशांत वाक्यावाक्याला मला मराठीत सांगत होता. 

मग दर शनिवारी ती झोपायची आणि मी दाराशी खुर्ची टाकून बसायचो. मिक्सर बंद, टीव्ही बंद. सून म्हणायची, "अहो बाबा, हरभऱ्याची राखण करताय का?" हळूहळू पोरीचा चेहरा निवळला. एकदा भांडी तशीच टाकून म्हणाली, "आजोबा, पडते." तिचं पहिलं मराठी.

पुढे एका शनिवारी आली ती बूट न काढता दारातच थांबली. काय झालं ते सुनेनं खाली मान घालून सांगितलं. आमाला झोप नाही, हात कापतात, तिला टीम झेपणार नाही, असं प्रशांतने साहेबाच्या कानावर घातलं होतं. टीम आता प्रशांतकडे.

"बाबा, तिच्याच भल्यासाठी," प्रशांत म्हणाला.

"आणि टीम घेतलीस ती?"



आमा दुसऱ्या शहरात, इंगोलश्टाटला चालली होती, नव्या नोकरीवर. मी गोधडी घडी करून तिच्या हातात दिली. ती काही बोलली. प्रशांत सांगायला पुढे झाला, तर तिनं हात वर करून त्याला थांबवलं आणि सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "बाबा, ती म्हणतेय, इथली झोप मात्र खरी होती."

इतके शनिवार मी दाराकडे तोंड करून बसलो. चोर माझ्या शेजारी बसून तिचं रडणं मला मराठीत सांगत होता.